आयनद्रायूतील सूक्ष्म अस्थैर्ये आणि त्यांचे संगणकीय प्रतिरूपण

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने आयनद्रायूविषयी लिहावे याचे वाचकांस नवल वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून या लेखाचा प्रसंग आरंभीच सांगतो. गेल्या वर्षी पदार्थविज्ञानाचा एक संशोधक विद्यार्थी आपल्या प्रबंधाचा मराठी सारांश परिभाषेच्या दृष्टीने तपासून घेण्यासाठी मजकडे आला. चुंबकीय क्षेत्राने कोंडून धरलेल्या तप्त आयनद्रायूत जी बारीक बारीक अस्थैर्ये उद्भवतात, त्यांचे संगणकावर केलेले ‘सिम्युलेशन’ हा त्याचा विषय. या शब्दासाठी त्याने प्रथम ‘अनुकरण’ असे लिहिले होते. ते खोडून ‘आभास’ केले होते. आणि तेही खोडून समासात प्रश्नचिन्ह काढले होते.

ते प्रश्नचिन्ह मला अत्यंत योग्य वाटले. अनुकरण करावयाचे तर मूळ वस्तू समोर असावी लागते. येथे मूळ वस्तू, म्हणजे तप्त आयनद्रायूच्या पोटातील हालचाल, डोळ्यांनी कोणी पाहिलेली नाही. आभास म्हणावे, तर जे नाही ते दिसते असा अर्थ होऊन संशोधकाच्या चार-पाच वर्षांच्या श्रमांवर पाणी पडते. मी ‘प्रतिरूपण’ हा शब्द सुचविला. परंतु वस्तू समजल्यावाचून शब्द सुचविणे हे आमच्या व्यवसायातील जुने पाप आहे. ते टाळावे म्हणून या विषयाचे जे वाचन केले, त्याचे हे टिपण. संगणकाने दाखविले ते प्रत्यक्षात घडते असे म्हणण्याचा अधिकार आपणास केव्हा प्राप्त होतो, हा त्यातील मुख्य प्रश्न आहे.

प्रथम संज्ञांविषयी थोडेसे. वायू पुरेसा तापविला म्हणजे त्यातील अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि धन व ऋण विद्युत्भारित कणांचे एक मिश्रण उरते. त्यास १९२८ साली अर्व्हिंग लँगम्यूर यांनी ‘प्लाझ्मा’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘घडविलेली वस्तू’ असा आहे. जी वस्तू कोणत्याही घडणीत राहावयास तयार नसते, तिला हे नाव मिळावे हा एक विनोदच. मराठी विश्वकोशाने त्यासाठी ‘आयनद्रायू’ हा शब्द योजिला. द्रव आणि वायू या दोहोंस सामावून घेणारा ‘द्रायू’ हा शब्द काहींना कृत्रिम वाटतो. मला तो आवडतो. त्यात वाहण्याची कल्पना आहे, आणि प्रस्तुत विषय सारा वाहण्याचाच आहे.

हायड्रोजनच्या जड समस्थानिकांची अणुकेंद्रे एकत्र येऊन संमीलन पावली म्हणजे प्रचंड ऊर्जा मुक्त होते. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासंबंधी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा यांनी आपल्या भाषणात असे भाकीत केले की, ही ऊर्जा नियंत्रित रीतीने मुक्त करण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत सापडेल. दोन दशके केव्हाच उलटली. भाकीत का चुकले याची कारणे अनेक आहेत. परंतु त्यांतील एक मोठे कारण म्हणजे ज्यांना आपण येथे सूक्ष्म अस्थैर्ये म्हणत आहोत तीच होत.

संमीलनासाठी आयनद्रायूचे तापमान दहा ते पंधरा कोटी अंश असावे लागते. एवढे तप्त द्रव्य कोणत्याही भांड्यात राहणे शक्य नाही. म्हणून ते चुंबकीय क्षेत्रात धरून ठेवतात. विद्युत्भारित कण चुंबकीय बलरेषेभोवती गिरक्या घेत तिच्या बाजूने धावतो, पण तिला ओलांडून सहजासहजी जात नाही. बलरेषा कड्यासारख्या वळवून बंद केल्या की कण आतच फिरत राहतो. या तत्त्वावरील यंत्रास ‘टोकामॅक’ म्हणतात. हा मूळचा रशियन संक्षेपशब्द आहे. आपल्या देशात आराखडा करून बांधलेले असे पहिले यंत्र ‘आदित्य’ होय. गांधीनगरजवळील भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत ते १९८९ साली कार्यान्वित झाले. त्याच्या कड्याची मोठी त्रिज्या ७५ सेंटिमीटर आणि आतील आयनद्रायूच्या नळीची त्रिज्या २५ सेंटिमीटर. पुढे त्याचे नूतनीकरण होऊन डिसेंबर २०१६ पासून ते ‘आदित्य-यू’ या नावाने चालू लागले.

या २५ सेंटिमीटरांचा विचार करण्यासारखा आहे. नळीच्या मध्यभागी तापमान काही दशलक्ष अंश, आणि वीतभर अंतरावर धातूची भिंत. इतका तीव्र उतार निसर्गास मानवत नाही. कण एकमेकांवर आदळून उष्णता हळूहळू बाहेर झिरपावी हे अपेक्षितच होते व तिचा हिशेबही मांडता येत होता. परंतु जगभरच्या यंत्रांत प्रत्यक्ष मोजमाप झाले तेव्हा गळती या हिशेबाहून कितीतरी अधिक निघाली; इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेची तर दहा ते शंभर पटींनी अधिक. कणांची टक्कर हे तिचे कारण नव्हते. आयनद्रायू आतल्या आत ढवळला जात होता.

माझे गाव जालना जिल्ह्यातील केदारखेडा. तेथे पूर्णा नदीवर पूल आहे. पावसाळ्यात पाणी चढले की पुलाच्या खांबांमागे भोवरे उठतात. वाहून आलेला काडीकचरा त्यांत गरगरत एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातो. नदीची धार सरळ वाहत असती तर तो काठाकडे कधीच गेला नसता. आयनद्रायूतील गळती पुष्कळशी अशीच घडते. मात्र ही उपमा अर्धीच खरी आहे. पुलाखालचा भोवरा खांबामुळे होतो. टोकामॅकमध्ये असा कोणताही खांब नाही. तेथे भोवरा उत्पन्न करणारी वस्तू म्हणजे तापमानाचा उतारच. ज्या उतारासाठी एवढा खटाटोप करावयाचा, तोच आपला नाश करणारे भोवरे प्रसवतो, ही या विषयातील खरी अडचण आहे.

ते कसे, हे थोडे विस्ताराने पाहू. कड्याच्या आतील बाजूस, म्हणजे मधल्या पोकळीकडे, चुंबकीय क्षेत्र प्रबळ असते व बाहेरील बाजूस दुर्बळ. या असमानतेमुळे व बलरेषांच्या वक्रतेमुळे आयन हळूहळू वर सरकत असतील तर इलेक्ट्रॉन खाली सरकतात. आणि कण जितका तप्त तितका त्याचा हा सरकण्याचा वेग अधिक. आता समजा, योगायोगाने कोठे तप्त आणि थंड द्रव्याच्या पट्ट्या एकाआड एक आल्या. तप्त पट्टीतील आयन वेगाने सरकतील, थंड पट्टीतील सावकाश. साहजिकच पट्ट्यांच्या सीमांवर एका ठिकाणी धनभाराची दाटी होईल व दुसऱ्या ठिकाणी तुटवडा पडेल. त्यातून विद्युत्क्षेत्र निर्माण होईल. चुंबकीय क्षेत्रात विद्युत्क्षेत्र उत्पन्न झाले की सर्वच द्रव्य त्या दोहोंस काटकोनात ढकलले जाते. कड्याच्या बाहेरील बाजूस हा धक्का तप्त द्रव्यास आणखी बाहेर व थंड द्रव्यास आणखी आत नेतो; म्हणजे मूळची लहानशी विषमता वाढते, तीमुळे धक्का वाढतो, आणि असे चक्र सुरू होते. आतील बाजूस नेमके उलट घडून विषमता विझते. हे आयनांच्या तापमान-उतारामुळे येणारे अस्थैर्य झाले. त्याचे एक भावंड इलेक्ट्रॉनांचे आहे. काही इलेक्ट्रॉन प्रबळ क्षेत्राच्या बाजूस शिरू शकत नाहीत. तेथून परतून ते बाहेरील बाजूसच येरझाऱ्या घालतात. त्यांच्या मार्गाचा छेद केळ्याच्या आकाराचा दिसतो. हे अडकलेले इलेक्ट्रॉन ज्या अस्थैर्यास पोसतात ते ‘बद्ध-इलेक्ट्रॉन अस्थैर्य’. त्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

ही अस्थैर्ये सूक्ष्म का म्हणावयाची? एक टेस्ला क्षेत्रात शंभर इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा हायड्रोजन आयन ज्या वर्तुळात फिरतो त्याची त्रिज्या सुमारे एक मिलिमीटर असते. भोवऱ्यांचे आकार या त्रिज्येच्या काही पटींइतके, म्हणजे काही मिलिमीटरांपासून दोन-तीन सेंटिमीटरांपर्यंत. संपूर्ण आयनद्रायू एकदम उसळून भिंतीवर आदळतो ती मोठी अस्थैर्ये वेगळी. ती यंत्र क्षणात बंद पाडतात. सूक्ष्म अस्थैर्ये यंत्र बंद पाडीत नाहीत, ते कंगाल करतात.

आता गणनेकडे वळू. आदित्यसारख्या लहान यंत्रातही आयनद्रायूचे आकारमान एक घनमीटरच्या आसपास आणि त्यातील इलेक्ट्रॉनांची संख्या एकावर एकोणीस शून्ये एवढी. प्रत्येक कणाचा मार्ग काढणे कोणत्याही संगणकास शक्य नाही. काळाची अडचण तर याहून मोठी. एक टेस्ला क्षेत्रात इलेक्ट्रॉन सेकंदास सुमारे २८ अब्ज गिरक्या घेतो. भोवऱ्यांमुळे होणारे चढउतार मात्र सेकंदास काही हजार ते पन्नास हजार या गतीचे. म्हणजे भोवऱ्याचे एक आंदोलन पुरे होईपर्यंत इलेक्ट्रॉनाच्या पाच लाखांवर गिरक्या होऊन जातात. त्या साऱ्या मोजीत बसावयाचे तर भोवऱ्यापर्यंत आपण कधी पोहोचणारच नाही.

यावर जी युक्ती निघाली ती मला, भाषाशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने, ओळखीची वाटली. आपण ‘अंक’, ‘अंत’ आणि ‘अंबा’ हे शब्द लिहितो. पहिल्यातील अनुनासिक कंठ्य, दुसऱ्यातील दंत्य, तिसऱ्यातील ओष्ठ्य. तीन उच्चार, पण चिन्ह एकच, डोक्यावरचा टिंब. या लेखनात माहिती गाळली जाते, परंतु अर्थाची हानी होत नाही. कारण कोणता अनुनासिक हे पुढील व्यंजनावरून ठरते. तोच न्याय येथे. कण आपल्या वर्तुळावर या क्षणी नेमका कोठे आहे, हे भोवऱ्याच्या दृष्टीने निरर्थक आहे. म्हणून त्या गिरकीची सरासरी घ्यावयाची आणि कणाऐवजी विद्युत्भारित कडे सरकते आहे असे मानावयाचे. कणाचे वर्णन करण्यास एरवी सहा संख्या लागतात, तीन स्थानाच्या व तीन वेगाच्या. आता पाच पुरतात. या शाखेस जायरोकायनेटिक्स म्हणतात. आपण तीस ‘घूर्णगतिकी’ म्हणू. तिची रेषीय बैठक १९६८ साली तयार झाली, फ्रीमन आणि चेन यांनी १९८२ साली अरेषीय समीकरणे मांडली, आणि लगेच १९८३ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. ली यांनी ती कणपद्धतीने संगणकावर सोडविण्याचा मार्ग दाखविला. या पद्धतीत खऱ्या कणांऐवजी काही कोटी प्रातिनिधिक कडी घेतात. त्यांच्या भारावरून विद्युत्क्षेत्र काढतात, क्षेत्रावरून कडी पुढे सरकवितात, आणि पुन्हा क्षेत्र काढतात. हजारो वेळा.

तात्पर्य, प्रतिरूपण म्हणजे सगळ्याची नक्कल नव्हे. काय गाळावयाचे याचा तो एक शिस्तबद्ध निर्णय आहे. पण गाळण्याचा अधिकार प्रत्येक वेळी अनुस्वाराइतका निर्धोक नसतो. आपल्या लिपीत ‘च’ हे एकच अक्षर तालव्य व दंततालव्य अशा दोन्ही उच्चारांसाठी आहे. फळ्यावर ‘गुरे चार’ एवढेच लिहिले, तर गुरांची संख्या सांगितली की गुराख्यास आज्ञा केली, हे लिपीवरून कळत नाही. येथे गाळलेला भेद अर्थाचा भेद होता. आयनद्रायूच्या गणनेतही असा एक प्रसंग आला, आणि तो फार महागात पडण्यासारखा होता.

१९९० च्या दशकाच्या मध्यास ‘ईटर’ या प्रचंड आंतरराष्ट्रीय टोकामॅकचा आराखडा सिद्ध होत होता. त्याची मोठी त्रिज्या आठ मीटरांहून अधिक धरली होती. १९९६ साली अमेरिकेतील काही अभ्यासकांनी, प्रामुख्याने कॉट्शेनरॉयथर आणि डॉरलँड यांनी, संक्षोभाच्या गणनांवर आधारलेल्या प्रतिमानावरून असे अनुमान काढले की, उष्णतेची गळती एवढी होईल की हे यंत्र अपेक्षित ऊर्जा देणार नाही. मोठा वाद माजला. पुढे दशकाच्या अखेरीस अमेरिका या योजनेतून बाहेर पडली. त्याची कारणे मुख्यतः द्रव्यबळाची होती. गणनेच्या माथी सारा दोष मारणे अन्यायाचे होईल. तथापि, न बांधलेल्या यंत्राविरुद्ध संगणकाची साक्ष उभी राहिल्याचा हा ठळक प्रसंग होय. साक्ष कितपत खरी, याच्या शोधातूनच या विषयाची खरी प्रगती झाली.

भोवरे स्वतःच एक प्रकारचे प्रवाह निर्माण करतात. नळीच्या एकात एक असलेल्या थरांतून हे प्रवाह आळीपाळीने उलटसुलट दिशांनी वाहतात. गुरू ग्रहावरील पट्ट्यांप्रमाणे. त्यांना ‘पट्टाप्रवाह’ म्हणू. ते उष्णता बाहेर नेत नाहीत, म्हणून प्रथमदर्शनी दुर्लक्षणीय वाटतात. परंतु शेजारचे दोन थर विरुद्ध दिशांनी सरकू लागले की त्यांवर पसरलेला भोवरा ताणला जाऊन फाटतो. म्हणजे संक्षोभ स्वतःच स्वतःचा लगाम उत्पन्न करतो. त्या वेळच्या गणनांपैकी काहींत आयनद्रायूस कणांऐवजी द्रायू मानून जी सोपी समीकरणे वापरली होती, त्यांत हे प्रवाह लवकरच शमून जात. रोझेनब्लुथ आणि हिंटन यांनी १९९८ साली सिद्ध केले की, टकरी नसतील तर या प्रवाहांचा काही अंश शमत नाही. तो शिल्लक राहतो. त्याच वर्षी लिन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या समांतर संगणकावर पट्टाप्रवाह मोकळे सोडून आणि मुद्दाम दाबून अशा दोन्ही गणना केल्या, व मोकळे सोडले असता गळती बरीच घटते असे दाखविले. इ. स. २००० मध्ये डिमिट्स आणि इतरांनी निरनिराळ्या गटांच्या गणना एकाच उदाहरणावर ताडून पाहिल्या. उताराच्या परिमाणरहित मापात अस्थैर्य ४ च्या सुमारास सुरू होते. पण गळती सुरू होते ती ६ च्या सुमारास. मधल्या टापूत भोवरे जन्मतात, पट्टाप्रवाह उभे करतात आणि त्यांच्याच हातून नाहीसे होतात. द्रायू-समीकरणांनी दाखविलेली गळती घूर्णगतिकीने दाखविलेल्या गळतीहून अधिक होती.

‘च’चा घोटाळा तो हाच. शांत दिसणारा भेद गाळला गेला आणि वाक्याचा अर्थ बदलला. येथे जुन्या गणनाकारांस हसण्याचे कारण नाही. त्यांची गणना तपासता येण्याइतकी स्पष्ट होती म्हणूनच ती दुरुस्त झाली. शिवाय कणपद्धतीही निर्दोष नव्हे. प्रातिनिधिक कडी अपुरी पडली तर त्या अपुरेपणाचाच एक गोंगाट उठतो, आणि तो संक्षोभाचे सोंग घेऊ शकतो; काही प्रसिद्ध गणनांत असे झाल्याचे नेव्हिन्स आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवून दिले. विद्यार्थ्याचा ‘आभास’ हा शब्द त्या गणनांपुरता मात्र चपखल ठरला असता.

ईटर मरण पावले नाही, ६.२ मीटर त्रिज्येचा नवा, लहान आराखडा २००१ मध्ये तयार झाला, अमेरिका २००३ मध्ये परतली, आणि डिसेंबर २००५ मध्ये भारतही भागीदार झाला. फ्रान्समधील कादाराश येथे त्याची उभारणी चालू आहे.

आता आपल्या यंत्राकडे येऊ. आदित्यच्या कडेच्या भागात शोधशलाका खुपसून जी मोजमापे घेतली गेली, त्यांवरून झा, काव आणि सहकाऱ्यांनी १९९२ सालीच दाखविले होते की तेथील चढउतार हा एकसारखा गोंगाट नसून तो थांबून थांबून उसळणारा आहे. म्हणजे प्रत्यक्ष नोंदींची परंपरा येथे जुनी आहे. तीस जोडणारी सविस्तर गणना मात्र अलीकडची. २०२३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी गांधीनगरच्या प्रयोगकर्त्यांसह आदित्य-यू ची घूर्णगतिक प्रतिरूपणे प्रसिद्ध केली. (याच संस्थेत आज पुण्याच्या सी-डॅकच्या परंपरेतील ‘परम प्रवेग’ हा महासंगणक आहे, १९९१ च्या ‘परम ८०००’ पासूनची ही वाट महाराष्ट्रातील वाचकांस ठाऊक असेलच.) गणनेची संहिता लिन यांच्याच परंपरेतील, यंत्राची भूमिती आणि तापमान-घनतेचे आलेख आदित्य-यू च्या प्रयोगांतले, आणि कणांच्या टकरीही हिशेबात धरलेल्या.

निष्कर्ष असे. या यंत्रात प्रबळ ठरते ते बद्ध-इलेक्ट्रॉन अस्थैर्य. टकरींमुळे गळती काही प्रमाणात कमी होते. पट्टाप्रवाह कृत्रिम रीतीने दाबून पाहिले, तर संक्षोभ जेथे स्थिरावतो त्यात महत्त्वाचा फरक पडत नाही. ज्या गोष्टीवाचून मोठ्या यंत्राचा अर्थ चुकला होता, ती येथे जवळजवळ निष्क्रिय आहे. भाषेच्या अभ्यासकास यात नवल नाही. प्रमाण मराठीत ‘न’ आणि ‘ण’ यांचा भेद अर्थाचा भेद असतो. आमच्याकडील बोलीत ‘पानी’ म्हणतात, ‘कोन’ म्हणतात, आणि कोणाचेही काही अडत नाही. एका बोलीत कोणता भेद सार्थ आहे हे दुसऱ्या बोलीच्या व्याकरणावरून ठरविता येत नाही. ते त्या बोलीच्या बोलणाऱ्यांकडेच जाऊन पाहावे लागते. आयनद्रायूच्या बाबतीत बोलणारा म्हणजे यंत्र. गणनेतील चढउतारांचा वर्णपट शून्य ते पन्नास किलोहर्ट्‌झपर्यंत पसरलेला निघाला, आणि प्रयोगात नोंदलेल्या वर्णपटाशी तो स्थूलमानाने जुळला.

‘स्थूलमानाने’ हा शब्द मूळ अभ्यासकांचाच आशय सांगतो आणि तो गाळता कामा नये. एकच वर्णपट निराळ्या कारणांनीही उद्भवू शकतो. म्हणून उष्णतेच्या गळतीचे मान, भोवऱ्यांचे आकार आणि घनता व विद्युत्विभव यांच्या आंदोलनांतील अंतर ही देखील जुळावी लागतात. शिवाय या गणनेत विद्युत्क्षेत्रातील चढउतार घेतले आहेत, चुंबकीय क्षेत्रातील नाहीत.

विद्यार्थ्याच्या सारांशात अखेर ‘प्रतिरूपण’ हाच शब्द राहिला. माझ्या सूचनेवरून त्याने दुसरा परिच्छेद नव्याने लिहिला. आपल्या गणनेत काय काय धरलेले नाही, त्याची नोंद आता तेथे आहे. सारांशाच्या शेवटी एक प्रश्न तसाच उभा आहे: आदित्य-यू मधील संक्षोभास पट्टाप्रवाह आवरीत नसतील, तर इतर कोणती अरेषीय प्रक्रिया आवरते? तो पुढील दोन वर्षे त्यावरच काम करणार आहे.